फेब्रुवारी नसलेलं पुस्तक

महिन्यातल्या एका शनिवारी संध्याकाळी आमच्या वाचनालयाच्या वरच्या मजल्यावर आम्ही काही जण जमतो आणि नुकत्याच वाचलेल्या पुस्तकांवर बोलतो. चहा असतो, बिस्किटं असतात, आणि बहुतेकांचा सूर ‘फार सुंदर पुस्तक, सर्वांनी जरूर वाचावं’ असा असतो. माझी पाळी आली की अध्यक्ष खुर्चीत सावरून बसतात. माझ्या पाठीमागे मला कात्री म्हणतात, हे मला ठाऊक आहे. रत्नागिरीत मागे बोललेलं दुसऱ्या दिवशी मासळी बाजारात पुढे येतंच. मला त्याचा राग नाही. लोक पुस्तकाला पैसे देतात, वर आयुष्यातले दोनतीन दिवस देतात. त्यांना खरं सांगणारं कोणीतरी हवं.

कथा-कादंबऱ्या मी जवळजवळ सोडल्या आहेत. आत्मचरित्रं, आठवणी, प्रवास, कुणी पावसावर लिहिलेलं, कुणी रस्त्यांवर लिहिलेलं, असंच वाचते. ही खोड नोकरीतली. माझी सगळी नोकरी टेलिफोन एक्स्चेंजमध्ये गेली. ट्रंक कॉल जोडून द्यायचे ते दिवस. दुसऱ्यांचं बोलणं ऐकायचं नसतं, पण लाइन लागली की नाही हे बघायला कान द्यावाच लागायचा. मुंबईहून नवरा विचारायचा, सगळे बरे ना? इकडून बायको म्हणायची, बरे. ते ‘बरे’ म्हणायला ती किती वेळ घेते, त्यावरून घरात काय चाललंय ते मला कळायचं. आत्मचरित्रंही मी तशीच वाचते. लिहिलेलं सगळेच वाचतात. मी लेखक कुठे घुटमळला ते बघते.

मागच्या पावसाळ्यात एका बड्या निवृत्त अधिकाऱ्याचं जाडजूड आत्मकथन वाचलं. बदलीमागून बदली, आणि प्रत्येक गावात साहेब पोचायच्या आधी अंधार, साहेब निघताना उजेड. एवढ्या पानांत साहेब एकदाही चुकत नाहीत, एकदाही कुणाशी भांडून हरत नाहीत. पत्नीला एक परिच्छेद दिलाय, त्यात तिने खंबीर साथ दिली. त्यानंतर त्या बाई थेट शेवटच्या फोटोत दिसतात, साहेबांच्या खुर्चीमागे उभ्या. मी सभेत म्हटलं, मला साहेबांचं पुस्तक नको, त्या फोटोतल्या बाईंचं हवं. अध्यक्षांचे आणि त्या साहेबांचे घरोब्याचे संबंध होते, हे मला नंतर कळलं. आधी कळलं असतं तरी मी तेच बोलले असते.

त्याउलट एका भूल देणाऱ्या डॉक्टरबाईंचं छोटं पुस्तक हातात आलं. एका पेशंटच्या बाबतीत त्यांचा अंदाज चुकला, ते त्यांनी दीड पानात लिहिलंय. रडारड नाही, स्वतःची समजूत घालणं नाही. पुढच्या पानावर दुसरा पेशंट. ते दीड पान वाचून मी चष्मा काढून ठेवला आणि थोडा वेळ खिडकीबाहेर बघत बसले. शेवटी ध्यानधारणेवर एक प्रकरण आहे, ते मात्र कुणीतरी आग्रहानं लिहून घेतलेलं वाटतं. फाडून टाकलं तरी पुस्तकाचं काही बिघडणार नाही.

कोकणच्या किनाऱ्यावरचं एक गुळगुळीत कागदाचं पुस्तकही गाजत होतं. लेखक हर्णे बंदरात संध्याकाळचा मासळीचा लिलाव बघायला जातो आणि सूर्यास्ताचं वर्णन करून परत येतो. मासळी काय भावानं गेली, कुणाची होडी रिकामी आली, याचा पत्ता नाही. असल्या पुस्तकापेक्षा पावसाच्या नोंदींवरचं एक रुक्ष पुस्तक मला परवडलं. त्याचा लेखक थोड्या थोड्या पानांनी सरळ सांगतो की हे अजून कुणालाच नीट कळलेलं नाही. मी सभेत सांगितलं, हे विकत घ्या. बहुधा कुणी घेतलं नाही.

पण मला सगळ्यात जास्त चीड येते ती एका गोष्टीची. आठवणींत प्रत्येक माणूस स्वतःला बरोबर जागी उभा करतो. पूर आला की लेखक दोर घेऊन पुढे. मारामारी झाली की लेखक मध्ये. दार लावून पलंगाखाली बसलेल्या माणसानं अजून आत्मचरित्र लिहिलेलं नाही. हे मी त्या सभेत इतक्या वेळा बोलले आहे की आता मी तोंड उघडायच्या आधीच मागच्या रांगेतल्या बायका हसायला लागतात.

या हिवाळ्यात माझ्या भावजींचं पुस्तक माझ्याकडे आलं.

भावजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान. ताईचं सासर राजापूरच्या आत, एसटी जिथे वळून परत फिरते त्या गावात. तिथे पुरुष मुंबईला आणि बायका गावात, असाच संसार असायचा. भावजी तरुणपणी मुंबईला गेले, औषधांच्या कंपनीत लागले आणि निवृत्त होऊनच परतले. गणपतीला यायचे आणि मे महिन्यात यायचे. शिमग्याला रजा मिळाली तर मिळाली. आता पंचाहत्तरी आली, मुलांनी समारंभ ठरवला, आणि समारंभात पुस्तक काढायचं असं भावजींच्या मनानं घेतलं. ते स्वतः बाइंड केलेली प्रत घेऊन रत्नागिरीला आले. बरोबर ताईनं दिलेली कुळथाच्या पिठाची पिशवी होती.

“मास्तरणीसारखं लाल पेन नको घेऊस,” भावजी हसून म्हणाले. “फक्त दोन शब्द पायजेत. मागच्या कव्हरवर.”

हे ‘दोन शब्द’ आमच्याकडचा रिवाज आहे. घरगुती पुस्तक निघालं की नात्यातल्या वाचणाऱ्या माणसाचा फोटो आणि खाली चार ओळींचं कौतुक छापतात. त्यासाठी पुस्तक वाचावं लागत नाही. ‘अनुभवसंपन्न’ हा शब्द माहीत असला की भागतं. भावजींनाही मी वाचावं अशी अपेक्षा नसावी. पण मी वाचलं.

आणि मला आवडलं, हे आधी सांगते. मुंबईचा भाग तर पक्का. गाववाल्यांची ती एक खोली, पाळीप्रमाणे झोपणारी माणसं, एकाची रात्रपाळी संपून तो आला की दुसऱ्यानं ऊबदार वळकटी सोडून उठायचं. स्वयंपाकाची पाळी, खारट झालेल्या आमटीवरून झालेला अबोला. एकाला गावाहून तार आली तेव्हा खोलीतल्या सगळ्यांनी बॅगा भरायला घेतल्या होत्या, कारण तार कुणासाठी आहे हे वाचायचा कुणालाच धीर नव्हता. त्या पानावर मी मनात म्हटलं, भावजी, तुम्ही इतकी वर्षं हे कुठे लपवून ठेवलं होतंत? त्यांच्यात लेखक होता, आणि मी त्यांना आयुष्यभर ताईचा बडबड्या नवरा समजत आले होते.

मग गाव आलं आणि पुस्तक भलतंच झालं.

भावजींच्या पुस्तकातल्या गावात दोनच ऋतू आहेत. एक गणपती आणि दुसरा मे. सगळं हिरवं असतं आणि आरत्या चाललेल्या असतात, नाहीतर आंबे उतरवणं चाललेलं असतं. कातळावर आपण कलमं कशी लावली, यावर त्यांनी एक आख्खं प्रकरण लिहिलंय. सुरुंग लावून खड्डे, डोक्यावरून आणलेली माती, आणि मग लगेच पुढच्या पानावर पहिल्या पेट्या मुंबईला चालल्या. आंब्याचं कलम कातळावर लावलं की पहिले दोनतीन उन्हाळे त्याला पाणी घालावं लागतं. भोवतीचं गवत काढावं लागतं, गुरं हाकलावी लागतात. हे सगळं त्या दोन पानांच्या मधे कुठेतरी झालेलं असणार. भावजी तेव्हा मुंबईत वळकटी सोडून रात्रपाळीला चालले होते.

आणि ताई? ताई पुस्तकात एकदाच येते. ‘आमची ही तर इतकी वेंधळी, की एकदा उकळत्या पेजेचं भांडंच हातावर ओतून घेतलं. तो डाग आजही तिच्या हातावर आहे आणि आजही मी तिला त्यावरून चिडवतो.’ पुढच्याच परिच्छेदात, ‘त्याच साली उधईनं कलमांची एक ओळ खाल्ली. मी ती पुन्हा लावली.’

माझं डोकं सणकलं. पान मिटलं, पुन्हा उघडलं, पुन्हा वाचलं. प्रेमानंच लिहिलेलं होतं, त्यामुळे राग आणखी आला. कारण तो हात पेजेनं भाजलेला नाही आणि ती ओळ उधईनं खाल्लेली नाही. हे मला ठाऊक आहे, कारण मी तिथे होते.

मी कॉलेजात होते तेव्हाची गोष्ट. परीक्षेपूर्वी अभ्यासाला रजा होती आणि ताईकडे शांतता असते म्हणून मी तिच्याकडे जाऊन राहिले होते. फेब्रुवारी संपत आला होता. त्या दिवसांत आमच्याकडे भाजवळ करतात, म्हणजे भाताचं रोप जिथे करायचं ती जमीन पालापाचोळा आणि शेण पसरून भाजून घेतात. वाडीत कुणाची तरी भाजवळ चालली होती. दुपारी वारा फिरला आणि आग सुटून कातळावरच्या वाळक्या गवतात शिरली. ताईची कलमं त्या आगीच्या वाटेत होती. मला ते अजून लख्ख दिसतं. ताई पुढे, मी तिच्या डाव्या अंगाला, दोघींच्या हातात ओल्या टहाळ्या, आणि आम्ही दोघी आग झोडपतोय. करपलेल्या केसांचा वास येतोय. मागून वाडीतल्या बायका धावत आल्या आणि कशीबशी विझली. एक ओळ गेली, बाकीची कलमं राहिली. ताईचा उजवा हात मनगटापासून कोपरापर्यंत भाजला.

त्याच सुमाराला भावजींची नोकरी कायम व्हायची होती. आगीचं कळलं असतं तर भावजी मिळेल त्या गाडीनं निघून आले असते, स्वभावच तसा, आणि नोकरी हातची गेली असती. ताई हाताला कोरफड लावून पडवीत बसली आणि मला म्हणाली, “त्यांना सांगायचा नाय. पेज सांडली, असा सांगायचा.” मी तुळशीवर हात ठेवून कबूल केलं. मे महिन्यात भावजी आले तेव्हा ओळ रिकामी होती. उधई लागली, उपटून टाकली, असं ताईनं सांगितलं. वाडीतली एकही बाई बोलली नाही. नवरे सगळ्यांचेच मुंबईत होते, आणि मुंबईच्या माणसाला काय सांगायचं आणि काय नाही, हे तिथल्या बायकांचं न बोलता ठरलेलं असे. नोकरी कायम झाली. मग सांगायची गरज उरली नाही, आणि पेजेचा विनोद घरात रुळला.

घरात रुळला ते ठीक. पण आता तो छापला जाणार होता. समारंभात कुणीतरी माइकवरून तो परिच्छेद वाचणार होतं, सगळं गाव हसणार होतं, आणि ताई पहिल्या रांगेत नवी साडी नेसून बसणार होती. तिच्या आयुष्यातली सगळ्यात मोठी दुपार वेंधळेपणा म्हणून पुस्तकात जाणार होती आणि कायमची तिथे राहणार होती. मी ठरवलं, हे होऊ द्यायचं नाही. पण शपथही मोडायची नाही. इतकी वर्षं पाळलेली शपथ माझ्या रागासाठी मोडायची, हे मला पटेना.

सकाळची एसटी पकडून मी गेले. भावजी मोहोरावर फवारणी करणाऱ्यांबरोबर वर कातळावर होते. ताई मागच्या दारी सुपात कुळीथ पाखडत होती.

“वाचलंस?” तिनं विचारलं.

“वाचलं. तुला वाचून दाखवलं त्यांनी?”

“दाखवला की. रोज रात्री जेवल्यावर.”

“पेजेचं पण?”

ताईनं सूप खाली ठेवलं नाही. “हसली मी,” ती म्हणाली. “मंग काय करू गो? माजाच खोटा हाय ना तो. मीच सांगितलेला.”

“मग आता तूच खरं सांग.”

“आता कशाला? येवडी वर्षां झाली. त्यांना वाईट वाटंल. आनि लोक काय बोलतील, नवऱ्याला फसवलान.”

“तू कलमं वाचवलीस, ताई.”

“ती माजी व्हती म्हणून वाचवली,” ती म्हणाली. “पुस्तकात येयासाठी नाय वाचवली.”

ती पुन्हा पाखडायला लागली. तिचा हात माझ्यासमोर वरखाली होत होता, त्यावरचा डाग आता सुरकुत्यांत मिसळलाय, पण आहे. मी म्हटलं, “मी सांगणार नाही. पण गप्पही बसणार नाही.” ती म्हणाली, “नुको बसू. तू कधी गप बसल्येस?”

दुपारी भावजी आले, हात धुऊन पडवीत बसले आणि उत्सुकतेनं म्हणाले, “मग? दोन शब्द आणलेस?”

मी म्हटलं, “भावजी, मुंबईचा भाग इतका चांगला आहे की मी तो आमच्या वाचनालयात उभी राहून वाचून दाखवीन. पण पुस्तक छापू नका. अर्धंच झालंय.”

त्यांचा चेहरा पडला. “अर्धं कसं? निवृत्तीपर्यंत आलंय सगळं.”

“तुमच्या गावात फेब्रुवारी नाही. जून नाही. ऑक्टोबर नाही. कलमं लावलीत आणि पुढच्या पानावर आंबे धरले. मधे पाणी कुणी घातलं?”

“ते काय लिहायचं असतं? ते सगळ्यांना माहीत असतं.”

“तुम्हाला माहीत आहे?”

भावजी रागावले. मी त्यांना कधी असं रागावलेलं पाहिलं नव्हतं. मुंबईत राहून त्यांची भाषा बदललीय, पण रागात ती पुन्हा गावाकडे वळते. “तुझ्या त्या सभेत लोकांची पुस्तकं फाडतेस, ती फाड,” ते म्हणाले. “माज्या घरात परीक्षा घेयाला येव नुको. मी काय मजा करायला मुंबईला गेलेलो? पोटासाठी गेलेलो. तुजं दोन शब्द मला नाय पायजेत.”

मीही गप्प राहायला हवं होतं, पण मी म्हटलं, “मला विचारू नका. तुमच्या घरात बारा महिने राहिलेलं माणूस आहे, त्याला विचारा.” आणि पर्स घेऊन उठले. ताई आतून चहाचे कप घेऊन येत होती, ती उंबऱ्यातच थांबली. मी चहा न घेता निघाले. एसटीला बराच वेळ होता, ती वेळ मी वळणावरच्या पारावर बसून काढली. तिथे भावजींच्या वाडीतल्या दोन बायकांनी मला काकडी खायला दिली आणि कसं काय, परीक्षा झाली का, असं विचारलं. त्यांच्या लेखी मी अजून कॉलेजात होते.

मग काही दिवस काहीच नाही. ना भावजींचा फोन, ना ताईचा. शनिवारच्या सभेत मी एका खेळाडूच्या आठवणींवर बोलले, पण माझा आवाज मलाच बेताचा वाटला. बायका हसायच्या जागी हसल्या नाहीत. घरी येताना मारुती मंदिराजवळ रिक्षाची वाट बघत उभी असताना मनात आलं, पंचाहत्तर वर्षांच्या माणसाला दुखवून मी काय मिळवलं? आणि लगेच असंही आलं की तो परिच्छेद छापला गेला तर मी ताईकडे कुठल्या तोंडानं बघू? पुन्हा तसा प्रसंग आला तर पुन्हा तेच बोलायचं, असं ठरवूनच मी रिक्षात बसले.

एका सकाळी भावजींचा फोन आला. नमस्कार-चमत्कार काही नाही.

“डिसेंबरात गवत काढायची मजुरी कोण द्यायचा?”

“मला काय विचारता? तिला विचारा.”

“तिलाच विचारतोय. ती बोलते, मीच काढायची. एवढा? एकटीनं? मला वाटलं, तुला तरी माहीत असेल.”

मी म्हटलं, “ती सांगते ते लिहा.” फोन खाली ठेवला आणि स्वयंपाकघरात जाऊन उभ्या उभ्या हसले. भावजी मला खोटं पाडायला निघाले होते. त्यांनी जूनपासून सुरुवात केली होती आणि रोज संध्याकाळी पडवीत बसून ताईला एकेक महिना विचारत होते. जूनमध्ये काय असायचं? लावणीला माणसं कुठून आणायचीस? पावसात आजारी पडलीस तर? मधूनमधून मला फोन यायचे. आवाज दर फोनला थोडा खाली येत होता. एकदा तर नुसतंच म्हणाले, “जानेवारीत ती रोज पहाटे खालच्या विहिरीवरून वर कातळावर पाणी न्यायची. मला वाटायचं, पंप होता.” पंप ते स्वतः निवृत्त झाल्यावर बसला.

मग विचारता विचारता फेब्रुवारीची पाळी आली. तो प्रसंग भावजींनी मला नंतर सांगितला. त्यांनी विचारलं, फेब्रुवारीत काय असायचं? भाजवळ असायची, एवढंच म्हणाली. आणि? ती उठली, आत गेली, भाताचं बघून आली, पुन्हा बसली. मग तिनं बाही वर केली आणि हात त्यांच्यासमोर धरला. “ही पेज नव्हं,” ती म्हणाली. सगळं सांगून झाल्यावर भावजी काठी घेऊन वर कातळावर गेले. ती ओळ बाकीच्यांपेक्षा ठेंगणी आहे. का ठेंगणी, हा प्रश्न त्यांनी इतकी वर्षं उधईवर ढकलला होता. अंधार पडला तरी ते खाली आले नाहीत, तेव्हा ताईच बॅटरी घेऊन त्यांना आणायला गेली.

समारंभ पुस्तकाशिवाय झाला. शाल, नारळ, भाषणं, जेवण. पुस्तकाचं काय झालं असं सगळे विचारत होते आणि भावजी सांगत होते, “अजून अर्धं बाकी हाय.” माझ्याकडे बघितलंही नाही. पण पंगतीत माझ्या पानावर उकडीचा दुसरा मोदक त्यांनीच येऊन वाढला.

शिमगा झाल्यावर नवी पानं आली, पोस्टानं. वर चिठ्ठी, ‘आता लाल पेन घे.’ आणि मी घेतलं. माझं मत स्पष्ट सांगते. नवा भाग मुंबईच्या भागाइतका सफाईदार नाही. भावजींनी ताईचं बोलणं तिच्याच शब्दांत ठेवलंय, ते उत्तम केलं, पण मधेमधे ‘त्यागमूर्ती’, ‘अन्नपूर्णा’ असले शब्द घुसवलेत. ते मी सगळे खोडले. ऑक्टोबरचं प्रकरण लांबलंय. जूनचं मात्र असं आहे की आमच्या सभेत आलेल्या कुठल्याही पुस्तकातलं एक पान त्याच्यापुढे ठेवून बघावं. आणि पेजेचा विनोद गेला होता. त्याच्या जागी, ताईच्या तोंडून, आग होती.

ती मी उभ्यानं वाचली. वारा कसा फिरला, कोण कोण बायका धावल्या, कुणाचं लुगडं पेटलं आणि कुणी ते विझवलं, सगळं होतं. आणि मग ही वाक्यं आली. ‘माजी भैन विहिरीवर उभी राहून मोठमोठ्यानं रडत व्हती. तिला आधी घरात न्यावी, असा वाटला. पन आग कलमांजवळ गेल्याली. मी तिला तशीच टाकून गेली.’

मी खाली बसले. मग पुन्हा वाचलं. माझा हात आपोआप लाल पेनाकडे गेला, हे मी लपवत नाही. चूक आहे हे, मी मनात म्हटलं. मी तिच्या डाव्या अंगाला होते. टहाळी होती माझ्या हातात. करपलेल्या केसांचा वास मला अजून येतो. हे मी माझ्या मुलांना सांगितलंय, मैत्रिणींना सांगितलंय.

खाली भावजींनी पेन्सिलीनं बारीक अक्षरांत लिहिलं होतं, ‘हे वाक्य तुला आवडलं नाही तर काढू.’

मी ताईला फोन लावला. इकडचं तिकडचं काही न बोलता विचारलं, “ताई, मी होते ना गो तुझ्याबरोबर? आग मारताना? माझ्या हातात टहाळी होती ना?”

ताई लगेच बोलली नाही. लांब कुठेतरी कोंबडा ओरडल्याचं ऐकू आलं. ती श्वास घेऊन थांबली. तसं थांबणं मी नोकरीत हजारदा ऐकलंय आणि ते मला कधीही फसवू शकलेलं नाही.

“व्हतीस की गो,” ती म्हणाली. “व्हतीस तर.”

मी तिला म्हटलं, बरं, तब्येतीला जप, आणि फोन ठेवला. थोडा वेळ मला फार वाईट वाटलं. आगीचं नाही, तिनं मला टाकून कलमांकडे धाव घेतली त्याचंही नाही, ती बरोबरच धावली. वाईट याचं वाटलं की आताही, या वयात, ती मला जपण्यासाठी खोटं बोलली. आधी नवऱ्यासाठी बोलली होती, आता माझ्यासाठी बोलली. आणि मी तिला पुन्हा तेच करू देणार होते.

मी लाल पेन टोपण लावून ठेवलं. भावजींच्या पेन्सिलीच्या ओळीखाली शाईनं लिहिलं, ‘तसंच छापा. एक शब्दही हलवू नका.’ मग कागद घेतला आणि इतके दिवस राहून गेलेले दोन शब्द लिहायला बसले. पहिल्यांदा ‘अनुभवसंपन्न’ लिहून खोडला. दुसऱ्यांदा काही खोडावं लागलं नाही. मागच्या कव्हरवर, माझ्या फोटोखाली, आता हे छापलंय.

‘या पुस्तकात विहिरीवर उभी राहून रडणारी जी मुलगी आहे, ती मी. मला ते तसं आठवत नाही. जिच्या हातावर डाग आहे तिला आठवतं. पुस्तक खरं आहे.’